विटलॉकच्या सराईतली थंड चूल

करवंद घाटातल्या या सराईत थंडीनं कितीही काकडलात, तरी ही भिंतीतली चूल पेटवून मिळायची नाही. चार माणसं आत उभी राहतील एवढी मोठी, पण राखेचा कण नाही. आम्ही ढेबे लोक हिची झाडलोट करतो, म्हणून सांगतो.

सराई विटलॉक साहेबानं बांधली. विलायतेत त्याच्या गावी अशीच होती, म्हणे. मान वाकवून शिरावं असं बुटकं दार, जाड तुळयांचं छत, शिशाच्या पट्ट्यांत काचा बसवलेल्या बारक्या खिडक्या आणि हे खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं धुराडं. तिथल्या चुलीतला विस्तव पिढ्यान्‌पिढ्या विझला नव्हता. साहेबाची बायको इथंच तापानं गेली. इथलाही विझू देणार नाही, असं वचन त्यानं तिला शेवटी दिलं होतं.

एका श्रावणात भर दुपारी मागची दरड कोसळली. चिखल दोन्ही दारांवर चढला. खिडक्यांतून मूलसुद्धा बाहेर पडलं नसतं, आणि कुऱ्हाडी राहिल्या बाहेरच्या खोपीत. आत साहेब, स्वयंपाकीण ठकूबाई ढेबे आणि काही वाटसरू. ओरडून घसे बसले, पण एवढ्या जाड भिंतींतून आवाज जाईना. फटींतून चिखल आत येऊ लागला.

ठकूबाई म्हणाली, "साहेब, धुराड्यातनं मी मावते. विस्तव विझवा."

साहेब चुलीपुढून हलेना. चिखल चुलीच्या ओट्याला टेकला तरी हलला नाही, असं सांगतात.

"बाईसाहेबांना शेवटचं पाणी मीच पाजलं," ती म्हणाली. "त्या रागवायच्या नाहीत."

तेव्हा साहेबानं स्वतः हंडा उचलून ओतला.

विटा तापलेल्याच होत्या. हातापायांना ओलं घोंगडं गुंडाळून ती चढली. अर्ध्यावर घोंगडं सुटलं. ती मध्ये होती तोवर चुलीत मिट्ट काळोख. मग एकदम उजेड पडला, आणि ती बाहेर निघाल्याचं खालच्यांना कळलं. तिनं वाडीवरून माणसं आणली, दार मोकळं झालं. सगळे जगले. ठकूबाईची बोटं मात्र पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

पुढं तिनंच आपल्या घरचा विस्तव आणला. साहेबानं तो चुलीत ठेवू दिला नाही. "ही वाट आहे आता, ठकूबाई," तो म्हणाला. "वाटेवर जाळ करू नये."

आजही मुक्कामाला आलेल्याला आधी चुलीत उभं करून वर बघायला सांगतात. आभाळाचा तुकडा दिसला, की मगच खोली उघडून देतात. या, तुम्हीही बघून घ्या.