महाराजांच्या पोटात राहिलेला पासवर्ड

राजवाड्याच्या प्रिंटरमधून सकाळी एक कागद बाहेर आला. ‘काळी शेळी, एक कान फाटका, हरवली आहे. सापडल्यास वेशीपलीकडे गोपा धनगराकडे आणून द्यावी.’

महाराज मकरंदसिंहांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“प्रधानजी, आमच्या प्रिंटरचा शेळीशी काय संबंध?”

“सरकार, वाड्याच्या वायफायमध्ये बाहेरचं कुणीतरी शिरलंय.”

“कुणीतरी म्हणजे कोण?”

“म्हणजे गावच.”

खरंच होतं ते. वाड्याच्या तटाला टेकून अर्धं गाव मोबाइल बघत बसलेलं असे. आत महाराज मोबाइलवर कुस्ती लावत, तर ऐन डावाला नेट अडकायचं आणि पैलवान हवेतच लटकून राहायचा.

पासवर्ड फुटला कसा, यावर सदरेत बरीच चर्चा झाली. पासवर्ड महाराजांनी स्वतः निवडला होता. त्यांचं आवडतं बिरुद, ‘शत्रुदळभंजन’. आणि महाराज गादीवर येताना भालदार बाळोजी सदरेच्या पायरीवर उभा राहून रोज तेच बिरुद ललकारत असे, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. तसा रिवाजच होता. चर्चेअंती दोष बाळोजीचा ठरला.

“उद्यापासून हळू ललकारू का, सरकार?” बाळोजीनं विचारलं.

“हळू? आमचं बिरुद आणि हळू?” महाराज संतापले. “ललकारी आहे तशीच राहील. पासवर्ड बदला. मात्र तो आम्हीच निवडणार. वाड्यातल्या प्रत्येकाला नेट मिळालं पाहिजे आणि बाहेरच्या माणसाला पासवर्ड कळता कामा नये. दसऱ्याच्या दरबारात तपासू. फुटलेला निघाला, तर तू गाशा गुंडाळून राज्याबाहेर जायचं.”

नवा पासवर्ड झाला ‘चंडप्रताप’. दुपारपर्यंत तो गावात पोचला. मग ‘समरधुरंधर’ झाला. तो संध्याकाळपर्यंत टिकला. बाळोजीनं घरी जाऊन ट्रंकेवरची धूळ झटकली.

“बाबा, ट्रंक राहू द्या,” त्याची मुलगी हौसा म्हणाली. गावातल्या शाळेचं वायफाय तीच सांभाळायची. “मला वाड्यावर घेऊन चला.”

वाड्यातली वायफायची पेटी देव्हाऱ्याशेजारी होती. रोज तिला हळदकुंकू वाहिलं जाई, पण तिच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. हौसानं तो आधी बदलला. नुसतं बटण दाबून कुणालाही आत घेण्याची सोय बंद केली. पाहुण्यांना वेगळी वाट दिली, म्हणजे त्यांच्या मोबाइलची प्रिंटरशी गाठ पडणार नाही.

“पेटी आता पक्की झाली,” ती म्हणाली. “सरकार, ‘समरधुरंधर’ हा पासवर्ड न्हाव्याला कुणी सांगितला?”

“आम्ही. छान होता म्हणून.”

“आणि ‘चंडप्रताप’ माहुताला?”

“तोही छान होता.”

“मग या खेपेला छान ठेवू नका,” हौसा म्हणाली. “ज्याची लाज वाटते असं काहीतरी ठेवा. कधी तोंडातून बाहेर पडणार नाही असं. आणि एखादा शब्द नको, चांगलं लांबलचक वाक्य असू द्या.”

“आम्हाला लाज वाटावी असं काही नाही,” महाराज ताठ बसून म्हणाले.

“मग अवघड आहे,” म्हणत हौसा पिशवी उचलू लागली.

“थांब.” महाराज बराच वेळ छताकडे पाहत राहिले. “सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा.”

सगळे वळले. मागून टकटक ऐकू येत राहिली. वाक्य खरंच लांब होतं. सगळे परत वळले तेव्हा महाराजांचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी वाड्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये महाराजांनी स्वतःच्या हातानं पासवर्ड घातला. कुणाला दिसू नये म्हणून ते हात आडवा धरत. आचाऱ्याला तर हा मोठा मानच वाटला.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना न्हाव्यानं सहज विचारलं, “नवा काय ठेवलात, सरकार?”

“कल्ले नीट कर,” महाराज म्हणाले.

दसऱ्याच्या दरबारात गावातली हुशार पोरं बोलावली गेली. त्यांनी महाराजांची सगळी बिरुदं घालून पाहिली. मग घोड्यांची नावं, मग कुलदैवतं. गोपा धनगरानं शेळीचंही नाव घालून पाहिलं. पेटी कुणालाच दाद देईना. बाळोजीनं कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात राणीसाहेब आल्या. त्या कालच माहेराहून परतल्या होत्या आणि हातात नवा मोबाइल होता.

“द्या, आम्ही पासवर्ड घालून देतो,” महाराज लगबगीनं म्हणाले.

“असू द्या. लाजेची गोष्ट ठेवलीय म्हणे?” राणीसाहेबांनी महाराजांकडे एकदा नीट पाहिलं आणि टाइप केलं. “हे नाही का? मग दुसरं असणार.” पुन्हा टाइप केलं. “लागलं.”

महाराज गादीवरून उठलेच. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आठवलं. वाचून दाखवू?”

“नको!” महाराज घाईनं म्हणाले आणि तो राग त्यांनी पायरीकडे वळवला. “बाळोजी, पासवर्ड फुटला. गाशा गुंडाळ.”

बाळोजीनं मान खाली घातली. हौसा मात्र पुढे आली.

“सरकार, पासवर्ड बाहेरच्या माणसाला कळता कामा नये, अशी आपली अट होती. राणीसाहेब बाहेरच्या असतील, तर तसं आपण आत्ता दरबारात सांगावं. बाबा लगेच निघतील.”

राणीसाहेबांनी मोबाइल मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि उत्तराची वाट पाहू लागल्या.

महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, पुन्हा राणीसाहेबांकडे पाहिलं. मग ते हसू लागले. त्यांचं हसणं थांबेना, तेव्हा दरबारही परवानगी मिळाल्यासारखा हसला.

“माग पोरी, काय हवं ते माग.”

“गावासाठी वेशीवर एक वेगळी पेटी बसवून द्या, सरकार. पासवर्ड ‘शत्रुदळभंजन’. गावाला कळवायला वेगळं कुणी लागणार नाही.”

पेटी बसली. त्या दिवशी बाळोजी पायरीवर उभा राहून असा काही ललकारला, की वेशीपलीकडे बसलेल्या गोपा धनगराचंही नेट लागलं.