साळुंकीनं पोसलेली धामण

माणसं मध्ये तोंड घालायला यायच्या आधीची गोष्ट. एका साळुंकीनं धामणीचं पोरकं पिल्लू सांभाळायला घेतलं. पाखरांना भरवतात तसं ती त्याला दिवसभर भरवू लागली. पाल गिळली की लगेच बेडकी. पिल्लू नुसतं सुजलं, त्याला धड सरपटता येईना.

शेजारची म्हातारी घोरपड खेकसली, "अगं बये, हे पाखरू नव्हे! पोटातला फुगवटा जिरू दे, मग पुढचा घास."

साळुंकीनं मन घट्ट करून ऐकलं. पिल्लू सडपातळ, चपळ झालं. पण एके दिवशी त्याचे डोळे दुधाळ झाले आणि त्यानं खाणंच सोडलं.

"मेलं गं आजी माझं लेकरू! तू उपाशी मारलंस!" असं म्हणत साळुंकी बेडकी उचलून त्याच्या तोंडात कोंबायला धावली. घोरपड आडवी आली. "मेलं तर मला टोचून खा. आता गप बघ."

पिल्लानं दगडावर नाक घासलं. ओठापाशी कात फाटली आणि डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट शेपटीपर्यंत उलटी होत निघाली. आतून झळझळीत, कोरं जनावर बाहेर आलं.

साळुंकीची चोच उघडीच राहिली. बेडकी निसटली, तिला कळलंही नाही.

पिल्लाला मात्र कळलं. कुणी न भरवता, पहिल्यांदाच, ते आपल्या घासामागं सळसळत गेलं.