वाळवंटात घोंगडी

राजा जगाच्या सफरीला निघाला होता. वाळवंट, पावसाची अरण्ये, बर्फाचे मुलूख, सगळीकडे चालेल असे एकच वस्त्र आणणाऱ्याला तो कुरण इनाम देणार होता. म्हाकू धनगराची मेंढरे चाऱ्यावाचून खंगली होती. तो आपली घोंगडी घेऊन दरबारात आला.

“थंडीत पांघरायची, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायची,” तो म्हणाला.

सरबताचा घोट घेत राजपंडित हसला. “आणि वाळवंटात लोकर? अरे, भाजून मरतील महाराज!”

“पंडितजी, तुमच्या सरबतातला बर्फ भर वैशाखात हिमालयातून इथवर कसा आला?”

पंडिताच्या आधी राजाच म्हणाला, “घोंगडीत गुंडाळून!”

“मग जिनं बर्फाला ऊन लागू दिलं नाही, ती माणसाला भाजेल होय?”

दिवस मावळायच्या आत म्हाकूची कोकरे कुरणात पोटभर चरली.