अर्ध्या मिनिटाचा गुलाबी रंग

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवता शिकवता केस पिकलेले एक सर होते. बोलणं मोजकं आणि मुलांच्या मते वागणं जरा तऱ्हेवाईक. अश्लेषा त्यांची विद्यार्थिनी. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा उद्यावर आलेली. फार्मसीला जायचं तिनं पक्कं ठरवलं होतं, आणि सराव परीक्षेत नेमका आम्लाची तीव्रता काढण्याचा प्रयोग फसला होता.

प्रयोग तसा सरळ. फ्लास्कमध्ये मोजून आम्ल घ्यायचं, रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे चावी लावलेल्या मापाच्या नळीतून, अल्क थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपलं की रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होतं. तिथं थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. रंग गडद झाला तर अल्क जास्त पडलं समजायचं. तीन वेळा केलं की तीनदा तोच आकडा यायला हवा. अश्लेषाचे तीन आकडे तीन तऱ्हांचे येत. बिचारी रडकुंडीला आली होती.

सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कर. मी बघतो."

गुलाबी छटा आली. अश्लेषा फ्लास्क उजेडात धरून टक लावून पाहत राहिली. मिनिटभरानं रंग विटू लागला, तशी तिची बोटं ब्युरेटच्या चावीकडे गेली. तेवढ्यात सरांनी फ्लास्क काढून घेतला आणि सरळ सिंकमध्ये ओतून दिला.

"सर! माझं रीडिंग गेलं ना!"

"कुठं गेलं? ते काय, ब्युरेटवर आहे. दहा पॉइंट दोन. लिही."

"पण रंग उडत होता, सर. अजून एक थेंब लागला असता."

"तो थेंब आम्लानं मागितला नव्हता गं, तुझ्या धास्तीनं मागितला होता. रंग अर्धं मिनिट टिकला, तिथंच आम्ल संपलं. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात उतरतो आणि रंग घालवतो. तू थेंब घालतेस, हवा रंग खाते, तू आणखी घालतेस. अशानं तू आम्ल मोजत नाहीस, या खोलीतली हवा मोजतेस. काम बरोबर झालं होतं. ते बरोबर दिसत राहावं म्हणून तू बिघडवत होतीस."

अश्लेषाला ओशाळल्यासारखं झालं आणि हायसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक तिच्यापाशी पोचेपर्यंत तिसरा फ्लास्कही पाण्यासारखा रंगहीन झाला होता. त्यांनी भुवया उंचावल्या. "रंग आलाच नाही वाटतं?"

चावी हाताशीच होती. एक थेंब सोडला असता तर साहेब खूश झाले असते. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आला होता, सर. दहा पॉइंट दोनला. आता हवेनं गेला."

परीक्षकांनी ब्युरेटवर वाकून पाहिलं, वहीतले तिन्ही आकडे पाहिले आणि सही केली. शेजारच्या टेबलावरचा फ्लास्क राणी रंगात झकास चमकत होता. तिथं मात्र ते म्हणाले, "हे पुन्हा करा."