खोलीपासून ओट्यापर्यंत

गुगळेशेठ यांना वाटे, गावात कॉम्प्युटरचं कळतं ते फक्त आपल्याला. एकट्या राहणाऱ्या कुमुदिनीबाईंनी खोलीतल्या कॉम्प्युटरपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचतील अशा मॉनिटरच्या आणि कीबोर्डच्या स्वस्तातल्या वायरी मागितल्या, तेव्हा ते दुकानभर ऐकू जाईल असं हसले. “मावशी, एवढ्या लांब चित्र पोचत नाही. लॅपटॉप घ्या!”

“माझा मुलगा टोरांटोत रात्री जेवतो, तेव्हा मी इथे सकाळच्या पोळ्या लाटते. तो सात समुद्र ओलांडून माझ्या खोलीपर्यंत दिसतो, आणि खोलीतून ओट्यापर्यंत दिसणार नाही होय?”

आता दुकान हसलं. शेठनी मॉनिटरची लांब वायर काढली, भावही उतरवला. “पण कीबोर्डची कशाला? नुसतं बघायचंच ना?”

“तो जेवून तसाच उठून जातो. कॉल बंद मलाच करावा लागतो.”