वैशाखाच्या तीन ओळी

तुम्ही सांगता, जपानात तीन ओळींची हायकू रचतात आणि उन्हाळ्यात रचली तर तीत उन्हाळ्याचाच शब्द घालतात. पाव्हणं, या झऱ्यावरही तसंच आहे बघा. वैशाखात बाई आधी तीन ओळी म्हणते, मग घागर बुडवते. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली उन्हाची खूण त्यात हवी. चुकून पावसाचं नाव निघालं, तर घागर रिकामी परत.

असं सांगतात की या माळावर शिदबा धनगर राहायचा. त्याची बायको ठकू, लेक गंगी, आणि झोळीतला बिरू. पाऊस दोन सालं फिरकला नाही. मेंढरं मेली, ठकूचं दूध आटलं.

गंगी पाणी पाणी करी. तिला निजवायला ठकू भर दुपारी पावसाची गाणी म्हणे. ढग आला, ओढा भरला, बेडूक बोलला. आईचं बोलणं, पोरीला खरंच वाटणार. एका दुपारी ती लोटा घेऊन ओढ्याकडं निघाली. समोर मृगजळ हलत होतं. बापाला ती सापडली तेव्हा लोटा हातातच होता, म्हणे. असा तापलेला, की त्याला धरवेना.

"गा की आता! पाड पाऊस!" पोरीच्या मातीला आलेली जाऊ ठकूला म्हणाली.

ठकूनं शपथ घेतली. जे नाही त्याचं नाव या तोंडानं घ्यायचं नाही. पण बिरू रडे, त्याला काहीतरी म्हणायला तर हवं. मग समोर दिसे तेच ती म्हणे.

पळस झडला,
माळ भाजला,
घार सावली धुंडते.

शिदबा कावला. "ही काय अंगाई हाय? मढ्याम्होरं बसल्यावानी!"

"मग काय म्हणू? ह्यालाबी वढ्याला धाडू?"

बिरूचं रडणं बारीक होत गेलं. शिदबानं कुदळ घेतली आणि दारापुढं खड्डा खणायला लागला. पोर अजून जितं होतं. पण उद्या हातात बळ राहील का, कोण जाणे.

त्या कुदळीचा आवाज ऐकत ठकू तीन ओळी जुळवत बसली. चौकटीवर कुंभारीण माशी घर लिंपत होती.

चौकट पोळली,
कुंभारीण आली,
ओला चिखल लावते.

म्हणाली, आणि थांबली. "धनी, कुदळ थांबवा. हिला वला चिखल गावला कुठं?"

दोघं माशीच्या मागं धावली. ती दिसेनाशी होई, की दोघं दुसरी माशी येईपर्यंत तिथंच उभी राहात. करवंदीच्या जाळीखाली, खडकाच्या चिरेत ती शिरत होती. शिदबानं तिथं खणलं. दिवस कलता ओंजळभर गढूळ पाणी साचलं; तोच हा झरा. ठकूनं पदर भिजवून बिरूच्या तोंडात पिळला.

गंगी काही परत आली नाही. पण बिरू जगला, त्याचा संसार झाला, लेकरंबाळं झाली. आजही या माळावर त्याच्याच वंशजांची मेंढरं चरतात, आणि त्या घरातलं एकही पोर पुन्हा तहानेनं गेलं नाही, म्हणे.