हाकेला दबण्याबाबत

विषय : टिटवीच्या पिल्लास हाकेची शिकवणी पंखनिधीतून मिळण्याबाबत.
संदर्भ : पंखनिधी नियमावली, कलम सात.

त्या माळावर कुणाचा पंख मोडला तर तो सगळ्यांनी मिळून बरा करायचा, असा जुना करार होता. त्यासाठी दर पानगळीला प्रत्येक पक्षी आपलं एक पीस निधीत जमा करी. पंख मोडलेल्याला त्या पिसांचं अंथरूण मिळे, वैद्य मिळे, बसल्या जागी चारा मिळे. पीस देताना कुणी कुरकुरत नसे, कारण पंख उद्या कुणाचाही मोडू शकतो. निधीचा कारभार तळ्याकाठच्या कचेरीतून चाले आणि तिथे ढोकतात्या कारकून होते. राखाडी अंगाचा हा पक्षी एका पायावर तासन्‌तास निश्चल उभा राहू शके. कारकुनाला लागणारी बहुतेक पात्रता त्यात आली.

टिटवीचा अर्ज पहिल्यांदा आला तेव्हा तात्यांनी तो नियमाप्रमाणे परत केला. तिच्या पिल्लाचे, ठिपक्याचे, दोन्ही पंख शाबूत होते. टिटवीची पिल्लं उघड्या माळावर वाढतात. वर घार दिसली की आई हाक देते आणि पिल्लं जागच्या जागी दबतात, इतकी की दगडांत दगड होऊन जातात. ठिपक्या दबत नसे. हाक त्याच्या कानात शिरे, पण पुढे कुठे पोचत नसे. तो खडे रंगाप्रमाणे ओळीत लावत बसे, आणि घारीची सावली त्या ओळीवरून सरकली की तिच्याकडे कौतुकाने पाही.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी तात्यांनी विचारलं, इजा कधी झाली? टिटवीने सांगितलं, अंड्यातच. तात्यांनी शेरा मारला की अंड्यात असताना सदर पिल्लाने पीस भरलेलं नाही. शेरा चोख होता. त्या दिवशी त्यांना तो आवडलाही होता.

तिसऱ्यांदा ती अर्ज न घेता आली आणि नुसती कचेरीसमोर बसली. शेजारणी म्हणतात पोराला लाडावून ठेवलंय, एक टोच मारली की दबेल, असं तिने सांगितलं. टोच मारूनही पाहिली, हे तिने खालच्या आवाजात सांगितलं. तात्यांनी नियमावली काढली. पळसाच्या पानांवर ती त्यांनीच तरुणपणी उतरवली होती. तीत त्यांना ‘पंखासमान इजा’ असे दोन शब्द सापडले आणि त्यांच्या आधारावर तीन पौर्णिमांची शिकवणी मंजूर झाली.

शिकवायला चंडोलबाई आल्या. गवतात ठिपक्याशेजारी बसून त्या टिटवीची हाक हळू आवाजात काढत आणि स्वतः दबत. दिवसातून दोनशे वेळा. त्याच्या खड्यांची ओळ त्यांनी एकदाही मोडली नाही. दोन पौर्णिमा उलटल्यावर एका सकाळी आईने हाक दिली आणि ठिपक्या दबला. कचेरीतून तात्यांनी ते पाहिलं आणि नकळत त्यांचा दुसरा पाय खाली आला.

मग तपासणी ठरली. तपासनीस गिधाडसाहेब होते. शरीराचा त्यांच्याइतका अभ्यास माळावर कुणाचाच नव्हता. फक्त तो सगळा मरणोत्तर होता. चंडोलबाईंचं म्हणणं पडलं की पोर अजून आपल्या खड्यांपाशीच, आईच्याच हाकेला आणि तेही सगळं शांत असेल तरच दबतं. आणखी दोन पौर्णिमा हव्यात. पण कलम सात स्पष्ट होतं : हाकेला दबणाऱ्यास शिकवणीची गरज उरली नाही असे समजावे. यावर तात्यांना एक युक्ती सुचली, आणि ते स्वतःवर खूश झाले.

“परवा साहेबांसमोर हाक दिलीत की त्याने उभं राहायला हवं,” ते टिटवीला म्हणाले.

“दबायला शिकवण्यात दोन पौर्णिमा गेल्या, तात्या.”

“मुदत वाढू द्या, बाई. मग चंडोलबाई आहेतच की परत शिकवायला.”

“त्यांना सांगू?”

“नको,” तात्या म्हणाले. “त्या सरळ आहेत.”

दोन दिवस टिटवीने पोराला शिकवलं. हाकेला तो दबला की ती त्याला चोचीने ढोसून उठवी, उभा राहिला की किडा भरवी. ठिपक्या लवकर शिकला. शिकायची सवय त्याला चंडोलबाईंनी लावलीच होती.

तपासणीला गिधाडसाहेब सावकाश उतरले. टिटवीने हाक दिली. ठिपक्या अर्धा दबला, थांबला, आणि मान ताठ करून उभा राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं, बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखं. कुणाच्या तोंडाकडे तो याआधी असा कधी पाहत नसे. साहेबांनी नोंद केली : लक्ष नाही.

तीन दिवसांनी हुकूम आला. सुधारणा नाही, कलम आठनुसार शिकवणी बंद.

कलम सात पळसाच्या पानाच्या पुढच्या बाजूला होतं. कलम आठ मागच्या बाजूला, तात्यांच्याच वळणदार अक्षरात : सुधारणा न झाल्यास शिकवणी निरुपयोगी समजून बंद करावी. दोन्हींच्या मध्ये पानाची जाडी तेवढी होती. तेवढ्या जागेत मावेल असं पिल्लू माळावर अजून जन्मलं नव्हतं.

पोराला येत होतं, मी विसरायला लावलं, एवढंच तात्यांनी साहेबांना सांगायचं होतं. ते सांगितलं तर कलम सात लागलं असतं, आणि तात्यांची तळ्याकाठची जागा गेली असती. पहिलं कारण ते स्वतःला सांगत. दुसरं खरं होतं.

चंडोलबाईंना निधीने पलीकडच्या माळावर पाठवलं. टिटवी त्यांना निरोप देऊन कचेरीत आली.

“तुम्ही होतात म्हणून एवढं तरी झालं, तात्या,” ती म्हणाली. “माझ्याच शिकवण्यात काही चुकलं असेल.”

तात्यांनी पाण्यात मासा दिसल्यासारखं केलं.

फेरविचाराचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, त्यांच्या उत्तम अक्षरात. त्याला आता चार पौर्णिमा झाल्या.

दुपारी माळावर घार येते. टिटवी हाक देते. सगळी पिल्लं दबून दगडांत दगड होतात आणि त्या दगडांमधून एक मान ताठ वर येते, आईकडे पाहते. मग टिटवी आपला शाबूत पंख मोडल्यासारखा लोंबता सोडते, मातीतून खुरडत उघड्यावर लांब लांब जाते. घार वळते आणि तिच्यामागे लागते. घार कसलाही दाखला मागत नाही. तळ्याकाठी ढोकतात्या तेवढा वेळ मान पंखात घालून उभे असतात.

अर्ज विचाराधीन आहे.